शिकवण्याचा हिशोब



बरेच दिवसांत काही लिहिलं नाही. गुडघ्याचं निमित्त होतं, आळसही होता. आज लिहायला बसलो त्याला कारण आमचा भाचा.

मागच्या महिन्यात एका रविवारी त्याचा फोन आला. तो चाकणला एका कंपनीत ट्रेनिंगचं खातं सांभाळतो. एरवी "मामा, गुडघा काय म्हणतोय?" इथून सुरुवात करणारा हा मुलगा त्या दिवशी एकदम म्हणाला, "मामा, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. त्यातून फायदा किती झाला ते कधी मोजलंत का?"

मी म्हटलं, "दरवर्षी निकाल लागायचा की!"

"तसं नाही हो. रुपयांत."

झालं होतं असं, की त्याच्या साहेबांनी त्याला एक पान लिहून द्यायला सांगितलं होतं. वर्षभर कामगारांच्या ट्रेनिंगवर एवढा खर्च होतो, त्याच्या बदल्यात कंपनीला काय मिळतं? पटलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी खर्च निम्मा. खर्च निम्मा म्हणजे याच्या हाताखालच्या दोन शिकवणाऱ्यांची गच्छंती. त्यातला एक आपल्याच तालुक्यातला, घरात तीन लहान मुलं.

मी मास्तरी थाटात सांगून टाकलं, "अरे, विद्येचा असा बाजारभाव काढायचा नसतो." तो "बरं मामा" म्हणाला आणि फोन ठेवला. आवाजावरून कळलं, की याचा त्याला काडीचाही उपयोग झालेला नाही.

त्या रात्री मला काही नीट झोप आली नाही. कारण साहेबाचा प्रश्न चुकीचा नव्हता. चुकीचं उत्तर मी दिलं होतं. आणि तो प्रश्न टाळण्याची ही माझी पहिली वेळही नव्हती. ते आधी सांगतो.

आमचं गाव डिंभ्याजवळ. घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं, की थोड्या वेळात डिंभे धरणाची भिंत दिसते. घोड नदीवरचं हे धरण कुकडी प्रकल्पातलं. बांधकाम रेंगाळत रेंगाळत २००० सालच्या आसपास पुरं झालं. जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. परदेशी कापडाची लॉरी अडवताना १९३० साली मुंबईत मरण पावलेले बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं आंबेगाव मात्र याच पाण्याखाली गेलं. तालुका आंबेगाव, कचेरी घोडेगावला, आणि मूळ गाव तळाशी, अशी आमची गंमत आहे. गंमत म्हणायची ती आपली लांबून. ज्यांची भाताची खाचरं गेली त्यांना ती गंमत नव्हती.

तर भिंत चढत होती त्या काळातली, म्हणजे १९८५-८६ च्या सुमाराची गोष्ट. धरणग्रस्त बायकांसाठी तीन महिन्यांचा शिवणवर्ग आला. कुणी आणला त्याचं नाव इथं नको. शाळेचा एक वर्ग संध्याकाळी रिकामा असायचा, तो आम्ही दिला. मी गावातला शिकलेला माणूस, म्हणून हजेरी आणि अहवाल माझ्याकडे. मशिनी आल्या, बाई आल्या शिकवायला. वीसेक बायका रोज दिवसभराचं काम उरकून, पोरं कडेवर घेऊन यायच्या. मन लावून शिकल्या. शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं एक पोलकं शिवून दाखवलं. पाहुणे आले, हार झाले, प्रमाणपत्रं वाटली. अहवालात मी सुंदर अक्षरात लिहिलं, "वर्ग पूर्णपणे यशस्वी."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि मशिनी घेऊन गेला. पुढच्या गावाला वर्ग लागायचा होता.

काही वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजारात त्यातल्या एक जणी भेटल्या. आता म्हाताऱ्या झाल्यात. बाळहिरडा विकायला आल्या होत्या. हसून म्हणाल्या, "गुरजी, तो कागूद अजून हाय पेटीत. मशीनच आली न्हाई, म्हून राहिलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पूर्णपणे यशस्वी" हे शब्द माझ्या हातचे होते ना!

म्हणून भाच्याला दोन दिवसांनी मीच फोन केला. म्हटलं, तुमच्या शास्त्रात हे मोजतात तरी कसं ते सांग.

त्यानं सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डोनाल्ड किर्कपॅट्रिक नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १९५९ साली या विषयावर लेख लिहिले आणि चार पायऱ्या सांगितल्या. जगभरच्या कंपन्या अजून त्याच वापरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर चार प्रश्न. शिकणाऱ्याला वर्ग आवडला का? तो शिकला का? शिकलेलं त्याच्या रोजच्या कामात उतरलं का? आणि त्यामुळे कामाच्या फळात फरक पडला का?

भाचा म्हणाला, "मामा, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे ढिगानं आहेत. फॉर्म भरून घेतो, परीक्षा घेतो. तिसऱ्या-चौथ्यापाशी गाडी अडते."

आमच्या शिवणवर्गाला हेच प्रश्न लावून बघा. आवडला का? हो. शिकल्या का? हो, पोलकी शिवली. कामात उतरलं का? मशीनच नाही तर उतरणार कशात? आमची गाडीही बरोब्बर त्याच ठिकाणी अडली होती.

मग मी इतिहास चाळायला बसलो. निवृत्त मास्तर दुसरं काय करणार! आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी माणसांना शिकवून धंदा उभा केला, त्यांनी ही तिसरी पायरी कशी ओलांडली? दोन उदाहरणं कारखान्यांची सापडली आणि तिसरं घराच्या दारात.

पहिलं अर्थात किर्लोस्करवाडीचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. हा माणूस मुळात आमच्याच बिरादरीतला, शिक्षक! मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंग ओळखण्यात दोष निघाला. मग यंत्रांची रेखाटनं शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. पुढे हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथं भाऊ रामूअण्णांबरोबर १८८८ साली सुरू केलेलं सायकलचं दुकान होतं. दुकानात सायकल विकायची आणि गिऱ्हाईकाला ती चालवायलाही शिकवायची. सायकल चालवता येत नसेल तर माणूस ती घेईल कशाला? म्हणजे तिथं शिकवणं हा विक्रीचाच भाग होता.

पुढे लोखंडी नांगर केला तेव्हा हीच अडचण मोठी होऊन समोर आली. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं गेली, असं सांगतात. वस्तू चांगली असून भागत नाही, लोकांना ती वापरून बघावी लागते, हे त्यांनी दोन वर्षं सोसून शिकलं.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली. आता माळावर कारागीर कुठून आणणार? शिकलेले इंजिनिअर तिकडे कशाला येतील? जी माणसं होती त्यांनाच घडवलं. के. के. कुलकर्णी शाळेच्या परीक्षांत न चमकलेले, ते व्यवस्थापक झाले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, ते तिथं कल्पक इंजिनिअर झाले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोड्याची शिक्षा भोगून आलेले, ते कारखान्याचे विश्वासाचे राखणदार झाले.

मी मास्तर म्हणून हे वाचतो तेव्हा जरा खजील होतो. कारण यातल्या बऱ्याच जणांना आम्ही मास्तर लोकांनी "नापास" शिक्का मारून घरी पाठवलं असतं. लक्ष्मणरावांनी काय निराळं केलं? त्यांना आधी काम दिलं, हत्यार दिलं, चुकायला वाव दिला, आणि काम करता करता शिकू दिलं. तिथं शिकणं एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला, असं नव्हतंच. म्हणून तिसऱ्या पायरीवर अडकायचा प्रश्न आला नाही.

फायदा झाला का? १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची खबर लोकांना द्यायची, म्हणून निघालेलं हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मराठी घराघरांत गेलं. आमच्या घरीही ते यायचं, आई दुपारी वाचायची. नांगर विकणाऱ्यांनी वाचक घडवले, हा फायदा कुठल्या खात्यात लिहायचा ते भाच्याच्या साहेबांनी सांगावं!

दुसरं उदाहरण जरा जवळचं, चिंचवडचं. आपल्या भागातल्या पोरांना त्या काळी "टेल्कोत लागला" म्हटलं की मुली सांगून यायच्या, ती टेल्को. म्हणजे आताची टाटा मोटर्स. कंपनी १९४५ ची, जमशेदपूरची. आधी रेल्वेची इंजिनं, मग १९५४ पासून जर्मनीच्या डाइम्लर-बेंझबरोबर पंधरा वर्षांचा करार करून ट्रक. पुण्याचा कारखाना सुमंत मुळगावकरांनी १९६६ मध्ये सुरू केला, पण लगेच ट्रक काढायला नाही. सुरुवात झाली ती प्रशिक्षण विभागापासून आणि यंत्रं-हत्यारं बनवणाऱ्या विभागापासून. पुण्याच्या कारखान्यातून पहिला ट्रक बाहेर पडला तो १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षं मोजा. आजचा कुठला साहेब थांबेल?

त्या वर्षांतच माझा एक विद्यार्थी आयटीआय करून तिथं अप्रेंटिस लागला. सुट्टीत गावी आला की मला भेटायचा. पहिल्या खेपेला तोंड वाकडं करून म्हणाला, "गुरुजी, नुसती कानस मारतोय. लोखंडाचा एक ठोकळा दिलाय. घासायचा, गुण्या लावून बघायचा, उजेड दिसला की पुन्हा घासायचा. यासाठी का आयटीआय केलं?" मला उत्तर सुचलं नाही. शुद्धलेखनाची आठवण झाली, ते बोललो. तो हसला.

वर्षभरानं आला तेव्हा त्याच्या बोलण्यात ठोकळा नव्हता. हाताला आता कळतं म्हणाला, किती दाब दिला की किती निघतं ते. मशीन बिघडायच्या आधी आवाजावरून कळतं म्हणाला. पुढे तो तिथंच कायम झाला आणि शेवटी नव्या पोरांना शिकवू लागला. ठोकळा त्यांनाही देतो का, असं विचारलं तर म्हणाला, "देतो तर! शिव्या पण खातो."

या शिकवण्याचा मोबदला कंपनीला केव्हा मिळाला? परदेशी करार १९६९ ला संपला. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या भागीदारीतले हलके ट्रक बाजारात आले, तेव्हा टेल्कोनं स्वतःच्या आराखड्याचा ४०७ ट्रक १९८६ साली उतरवला, आणि तो टिकला. आपल्याकडे मंचरच्या बाजारात कांदा-बटाटा वाहणारे ४०७ आपण सगळ्यांनी पाहिलेत. आता हे यश एकट्या प्रशिक्षणाचं, असं मी म्हणणार नाही. आराखडा करणारे, भांडवल घालणारे, विकणारे, सगळेच त्यात आले. पण आपलं यंत्र आपण करू शकणारे हात आधीच तयार नसते, तर नुसत्या आराखड्याचं काय केलं असतं?

इथं एक कडू गोष्टही सांगायला हवी. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. त्यात विद्यावेतन आहे, शिकवायचं बंधन आहे, पण शिकल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं मालकावर बंधन नाही. चांगल्या ठिकाणी पोरं घडली. काही ठिकाणी मात्र "शिकाऊ" हा शब्द स्वस्त मजुराला पर्याय झाला. वर्षभर राबवून घ्यायचं, मग नवी तुकडी. माझे असेही विद्यार्थी आहेत, ज्यांनी तीन-तीन ठिकाणी शिकाऊ म्हणून काढलं आणि शेवटी घरी येऊन रिक्षा घेतली. मालकाच्या वहीत तो फायदाच दिसला असेल. पण तो शिकवण्याचा फायदा नव्हे. ती मजुरीतली बचत.

जगात हे कुणाला उमगलं, ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कारागीर सैन्यात गेले आणि कारखान्यांत अननुभवी माणसं आली, त्यांत बायाही पुष्कळ. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात तिथल्या सरकारनं मुकादम-सुपरवायझर लोकांना "काम कसं शिकवायचं" हे शिकवणारा एक मोठा उपक्रम चालवला. पद्धत साधी. माणसाची भीती घालवा, करून दाखवा, त्याला करू द्या, आणि मग अधूनमधून जाऊन बघा. मूळ तत्त्व असं, की कामगाराला आलं नाही तर दोष शिकवणाऱ्याचा. युद्ध संपल्यावर अमेरिकेत तो उपक्रम बंद झाला. जपाननं मात्र तो उचलला आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं मुरवला. यातली शेवटची पायरी पाहिलीत ना? "मग जाऊन बघा." मी शिवणवर्गानंतर कधी जाऊन बघितलंच नव्हतं.

आता तिसरं उदाहरण. ते शोधायला मला कुठंही जावं लागलं नाही. खिडकीतून दिसतं ते पाणी.

धरणात शेती गेलेली आमच्याकडची बहुतेक माणसं महादेव कोळी. "कोळी" ऐकून बाहेरच्यांना वाटतं, यांना मासेमारी जन्मजात येत असणार. तसं काही नाही. ही डोंगरातली शेतकरी माणसं. भात, नाचणी, वरई पिकवणारी, हिरडा गोळा करणारी. पावसाळ्यात ओढ्याला चढणीचे मासे आले की धरायचे, नदीत पागेर टाकायचा, एवढीच त्यांची मासेमारी. आणि आता समोर साडेतेरा टीएमसीच्या आसपासचं अथांग पाणी! त्याच्या खाली आपलीच जमीन आणि वर काय करायचं ते ठाऊक नाही.

धरणांतल्या मासेमारीचे ठेके सहसा बाहेरचे लोक घेतात आणि गावकरी त्यांच्याकडे मजुरी करतात. इथं तसं होऊ नये म्हणून लोक झगडले. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची 'शाश्वत' ही संस्था त्यांच्यासोबत उभी राहिली. धरणग्रस्त आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था झाली आणि मासेमारीचा हक्क तिच्याकडे आला. मुंबईच्या वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनीही इथं येऊन लोकांबरोबर काम केलं.

त्यात शिकण्यासारखं काय होतं? भरपूर. धरणात दरवर्षी मत्स्यबीज सोडावं लागतं. अगदी बारीक पिल्लं सोडली तर मोठे मासे ती फस्त करतात, म्हणजे पैसा अक्षरशः पाण्यात. त्यावर उपाय पिंजऱ्यांचा. जलाशयातच तरंगते जाळीचे पिंजरे लावायचे. त्यांत कटला, रोहू, मृगळ यांची पिल्लं ठेवायची, खाद्य घालायचं, बोटाएवढी झाली की मग मोकळ्या पाण्यात सोडायची. ऐकायला सोपं. पण जाळीवर शेवाळ धरलं की पाणी खेळत नाही, ते वेळेवर घासावं लागतं. लहान-मोठी पिल्लं निवडून वेगळी करावी लागतात. फाटकी जाळी त्याच दिवशी शिवावी लागते. जाळ्याची आस किती ठेवायची हेही कळावं लागतं. आस बारीक ठेवली तर आज चार मासे जास्त मिळतात, पण पुढच्या वर्षीचा हंगाम जातो. ट्रकच्या ट्यूबवर बसून पाण्यात जाणाऱ्या माणसानं हे सगळं शिकून घेतलं.

आता हे शिकणं आणि आमचा शिवणवर्ग यांत फरक काय? शिकणारी माणसं एकाच मातीतली. शिकवणारेही दोन्हीकडे मनापासून शिकवणारे. फरक एवढाच, की इथं शिकून झाल्यावर पिंजरा तिथंच राहिला. पाण्यावरचा हक्क त्यांचा, जाळं त्यांचं, आणि वाढलेल्या माशातला वाटाही त्यांचा. २०१२ साली 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, तेव्हा डिंभ्याचं नाव पार ब्राझीलपर्यंत गेलं.

सगळं गोड झालं, असं समजू नका. मासेमारीनं बुडालेली जमीन भरून येत नाही. पाऊस कमी झाला, पाणी खाली सोडलं गेलं, की सगळी गणितं बिघडतात. तरुण पोरं अजून चाकण-भोसरीला जातातच. पण शिकलेलं वाया गेलं, असं त्यांच्यापैकी कुणी मला म्हणालं नाही.

आणि हो, आमच्याकडे याहून जुनी रीत आहे. पडकई. डोंगरउतारावर दगडाचे बांध घालून भाताची खाचरं करायची, तीही एकमेकांच्या शेतावर आळीपाळीनं राबून. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. बांधाचा दगड कसा बसवायचा, पाणी कुठून काढायचं, हे पोरगं म्हाताऱ्याच्या शेजारी उभं राहून शिकायचं. वर्ग नाही, प्रमाणपत्र नाही. शिकलेला बांध पावसात टिकला तर पास, वाहून गेला तर पुन्हा! पुढे सरकारनंही पडकईची योजना केली. किर्कपॅट्रिकसाहेबांचे चारही प्रश्न तिथं एकाच पावसाळ्यात सुटतात.

तर एवढं सगळं वाचून-आठवून झाल्यावर मी भाच्याला पत्र लिहिलं. चांगलं चार पानी, पोस्टानं. त्यात म्हटलं, माझं आधीचं उत्तर मागे घेतो. शिकवण्याचा हिशोब मांडता येतो आणि मांडलाही पाहिजे, नाहीतर "पूर्णपणे यशस्वी" असे अहवाल लिहिणारे माझ्यासारखे लोक सुटतात. पण वर्ग किती घेतले, माणसं किती बसली, हा हिशोब नव्हे. तू चार रकाने आख. एक, शिकला कोण. दोन, परत कामावर गेल्यावर ते काम आणि ते यंत्र त्याच्या हाती आलं का. तीन, सहा महिन्यांनी कुणी जाऊन बघितलं का, आणि काय दिसलं. चार, त्यातलं त्याच्या पदरात काय पडलं. दुसरा रकाना रिकामा असेल तर फायदा शोधत बसू नकोस, तो नसणारच. आणि चौथा रिकामा असेल तर शिकलेला माणूस ते कसब घेऊन शेजारच्या कंपनीत जाईल. मग साहेब म्हणतील, शिकवून काय उपयोग!

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. त्यानं खरोखर रकाने आखले होते. निघालं काय, तर नव्या मशीनवर शिकवलेल्यांपैकी बरेच जण त्या मशीनवर गेलेच नव्हते. सुपरवायझरला दुसरीकडे माणूस कमी पडला, त्यानं तिकडे लावला. म्हणजे शिकवणं वाया गेलं, असं जे वाटत होतं ते शिकवणाऱ्यामुळे नव्हे. भाच्यानं एका पानात हेच लिहून दिलं. जे मशीनवर गेले त्यांच्याकडून खराब माल किती कमी निघाला, तेही त्याखाली मांडलं.

साहेब खूश झाले का? फारसे नाहीत. सुपरवायझर लोक तर चिडलेच. खर्चाला थोडी कात्री लागली, पण निम्मा झाला नाही. त्या दोघांच्या नोकऱ्या या वर्षापुरत्या तरी वाचल्या आहेत. आणि आता नियम झालाय, की माणूस ट्रेनिंगला पाठवायच्या आधी सुपरवायझरनं लिहून द्यायचं, परत आल्यावर त्याला कुठल्या मशीनवर घेणार ते.

मला हे ऐकून बरं वाटलं. चाळीस वर्षं उशिरा का होईना, टेम्पो अडवल्यासारखं वाटलं.

असो. लांबलंच. तुमच्यापैकी पुष्कळांनी नोकऱ्या केल्यात, कुणी कारखान्यात, कुणी बँकेत, कुणी शाळेत. तुम्हाला कुणी मन लावून शिकवलेलं, आणि नंतर कामात कधीच वापरू न दिलेलं, असं काही आहे का? असेल तर जरूर कळवा. आमच्या सूनबाईंचं म्हणणं, तिच्याकडे यादीच आहे.

पुढच्या वेळी पडकईवर सविस्तर लिहीन म्हणतो. गुडघ्यानं साथ दिली तर वरच्या गावांत जाऊन दोन-चार जुने बांध बघून येईन.